झोपेआधीचा अर्धा तास आणि झाडांची तेले

ग्वाल्हेरला लष्कर या भागातल्या आमच्या जुन्या घरात देवघराशेजारच्या फडताळात चंदनाचे खोड, भीमसेनी कापराची डबी आणि सर्दीपडशासाठी आणलेली निलगिरी तेलाची बाटली एकत्र ठेवलेली असे. फडताळ उघडले की तिन्हींचा मिळून एकच वास येई आणि आम्हा मुलांच्या लेखी तोच ‘झाडांचा वास’ होता. पुढे अनेक वर्षांनी रात्रीची झोप उडू लागली आणि सुगंधी तेलाचा उपाय करून पाहा असे कोणी तरी सुचवले, तेव्हा मी साहजिकच हाताशी असलेले निलगिरीचे तेल रुमालावर घेऊन उशीशी ठेवले. त्या रात्री नाक अगदी मोकळे झाले, झोप मात्र आणखी दूर पळाली. निलगिरीच्या तेलाचा मुख्य घटक सिनिओल हा आहे. त्याचा झोंबणारा गारवा चोंदलेल्या नाकाला बरा वाटतो, पण स्वभावाने तो तरतरी आणणारा आहे. झाडापासून निघालेले प्रत्येक तेल मन शांत करतेच असे नाही, हे तेव्हा ध्यानात आले. त्यानंतर वाचून, विचारून आणि स्वतः वापरून जे हाती लागले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

अपेक्षा आधीच ठरवून घ्याव्यात. कोणतेही सुगंधी तेल झोपेची गोळी नाही. या विषयावर अभ्यास पुष्कळ झाले आहेत, परंतु त्यांतील बहुतेक थोड्या माणसांवर आणि थोड्या दिवसांसाठी केलेले आहेत. शिवाय औषधाच्या चाचणीत निम्म्या लोकांना नकली गोळी देऊन जशी तुलना करता येते, तशी येथे करणे अवघड असते, कारण वास येतो आहे की नाही हे ज्याचे त्याला लगेच कळते. खात्रीने सांगता येते ते वासाच्या वाटेबद्दल. नाकातील वासग्राहकांचा उलगडा करणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या ग्राहकांकडून निघालेला संदेश, डोळ्यांचे आणि कानांचे संदेश थांबतात तसा थॅलॅमस या मेंदूतील चौकीवर न थांबता, भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागांपर्यंत थेट पोहोचतो. म्हणूनच एखाद्या वासासरशी बालपणीचा दिवस उभा राहतो, आणि म्हणूनच एखादा वास आणि अंथरूण यांची गाठ मारून देता येते. माझ्या अनुभवात तेलाच्या रसायनापेक्षा ही गाठच अधिक काम करते. ती बसवायची तर एकच वास, अगदी थोडा, रोज त्याच वेळी वापरावा, आणि दिवसा तो वास दुसऱ्या कशासाठीही वापरू नये.

शेवटची अट किरकोळ वाटते, पण आपल्या घरांमध्ये नेमकी तीच मोडली जाते. माझ्या सासूबाईंसाठी मी मोठ्या हौसेने चंदनाचे तेल आणले. दोन रात्री त्यांनी ते तळपायांना लावून घेतले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अगं, हा वास आला की माझी आंघोळ राहिली आहे आणि पूजेला उशीर होतो आहे असंच वाटत राहतं.” साठ वर्षे रोज पहाटे सहाणेवर चंदन उगाळलेल्या बाईला तो वास जागे होण्याचा वास होता, त्यावर झोपेची गाठ कशी बसणार? त्यांच्यासाठी मग देवदार निवडला. तेल निवडताना हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा, कारण याचे उत्तर कोणत्याही बाटलीवर छापलेले नसते.

कोणते झाड निवडावे

सकाळच्या पूजेशी ज्यांचे असे नाते नाही, त्यांच्यासाठी चंदन सर्वांत उत्तम. हे तेल झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून आणि मुळांतून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढतात. गाभा तयार व्हायला झाडाला अनेक वर्षे लागतात, आणि चंदनाचे झाड शेजारच्या झाडांच्या मुळांतून काही पोषण घेऊन वाढणारे अर्धपरोपजीवी असल्यामुळे त्याची लागवडही सोपी नाही. पहिल्या महायुद्धात कच्चे चंदन परदेशी पाठवणे थांबले, तेव्हा १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानाने स्वतःच तेल काढण्याचा कारखाना उभारला. तोवर आपले लाकूड बाहेर जाऊन तेथे त्याचे तेल निघत असे. चंदनाचा वास ज्या सँटॅलॉल नावाच्या घटकांमुळे येतो, त्यांचे रेणू जड असतात आणि सावकाश उडतात. त्यामुळे बाटली उघडताच हा वास अंगावर येत नाही, पहिल्या मिनिटाला तर तो फिकाच वाटतो. परंतु लावल्यानंतर पुढे कित्येक तास तो मंदपणे टिकून राहतो. झोपेसाठी हवा असतो तो असाच वास. मात्र सुरुवातीच्या फिकेपणाला फसून लोक थेंबामागून थेंब टाकत जातात आणि अर्ध्या तासाने डोके जड झाले म्हणून तेलाला दोष देतात.

देवदाराच्या बाबतीत नावांचा मोठा घोळ आहे. बाजारात ‘सीडरवुड’ या एकाच नावाखाली निदान तीन वेगळी तेले मिळतात. एक आपल्या हिमालयातील देवदाराचे, म्हणजे सेड्रस देवदारा या झाडाचे. दुसरे मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतातील त्याच्या भावंडाचे. आणि तिसरे अमेरिकेतील ज्युनिपेरस व्हर्जिनियाना या झाडाचे, जे खरे तर देवदार नसून ज्युनिपरच्या कुळातले आहे. जपानमध्ये सेड्रॉल या घटकाचा वास दिल्यावर माणसांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब थोडे खाली आल्याचे दिसले आणि त्याचा हवाला अनेक जाहिरातींत दिला जातो. पण सेड्रॉल भरपूर असतो तो या तिसऱ्या झाडात. आपल्या देवदारात प्रामुख्याने असतात ती हिमाचलिन नावाची संयुगे. १९६० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संयुगांच्या रचनेचा अभ्यास केला होता. तेव्हा सेड्रॉलच्या गुणाचे श्रेय हिमालयातील देवदाराला देणे बरोबर नाही. एवढे असूनही मी रोज वापरते ते हिमालयातील देवदाराचेच तेल, कारण त्याचा वास मला आवडतो: नव्या लाकडी पेटीच्या आतून येतो तसा, कोरडा आणि किंचित गोडसर. आवड हे येथे पुरेसे कारण आहे. एवढीच काळजी घ्यावी की तेल वाफेने काढलेले, फिकट पिवळ्या रंगाचे असावे. देवदाराचे लाकूड बंद भांड्यात जाळून काढलेले काळसर, डांबरासारख्या वासाचे तेलही मिळते आणि गुरांच्या खरजेवर ते लावतात. ते शयनगृहात आणण्याचे कारण नाही.

तिसरे झाड आमच्या अगदी दारातले आहे. श्योपूरच्या बाजूला, जेथे आता कुनोचे राष्ट्रीय उद्यान आहे, तेथील कोरड्या जंगलात सालईची झाडे भरपूर आहेत, आणि सालीवर घाव घालून त्यांचा डिंक गोळा करणे हा तेथील सहरिया आदिवासींचा जुना रोजगार आहे. तिकडे याला चीड गोंद म्हणतात, पण पहाडातल्या चीडशी, म्हणजे पाइनशी, त्याचा काही संबंध नाही. सालई म्हणजे बॉसवेलिया सेराटा. अरबस्तान आणि आफ्रिका येथील प्रसिद्ध धुपाच्या झाडांची ही भारतीय बहीण. धूपसामानाच्या दुकानात हाच डिंक कुंदरू नावाने मिळतो; ‘लोबान’ मागितले तर मात्र बहुधा वेगळ्याच झाडाची राळ हातात येते. सालईच्या तेलाचा वास हलका, काहीसा टर्पेंटाइनसारखा असतो आणि तो लवकर उडून जातो, म्हणून मी ते एकटे न वापरता देवदाराबरोबर वापरते. हे तेल सांधेदुखीवर चालते असे सांगून विकले जाते, त्याबद्दल एवढे लक्षात ठेवावे की ज्या बॉसवेलिक आम्लांमुळे या डिंकाचे नाव झाले ती वाफेबरोबर उडणारी नाहीत आणि म्हणून ऊर्ध्वपातित तेलात ती उतरत नाहीत.

संत्र्याच्या सालीचे तेल स्वस्त, प्रसन्न आणि सहज मिळणारे असते. २००० मध्ये व्हिएन्ना येथे एका दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात संत्र्याचा वास दरवळत ठेवला, तेव्हा तेथे बसलेल्या स्त्रियांची धास्ती कमी झाल्याचे आढळले. मनातली धास्ती हेच झोप न येण्याचे कारण असेल तर संत्रे उपयोगी पडू शकते. कडू संत्र्याच्या फुलांचे नेरोली तेल याहून सौम्य असते, पण त्याची किंमत ऐकूनच झोप उडावी. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाने उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते, म्हणून ते अंगाला लावण्याच्या फंदात पडू नये.

कापूर आणि निलगिरी ही दोन्ही रात्रीच्या कामातून वगळावीत. कापूर तर कमी प्रमाणातही पोटात गेला तर लहान मुलांना फिट येऊ शकते, आणि ज्यांना आधीच फेफऱ्याचा त्रास आहे त्यांच्या आसपास ही दोन्ही तेले वापरू नयेत. बाळाच्या छातीला कापूर चोळण्याची किंवा त्याच्या उशाशी कापराची पुरचुंडी ठेवण्याची आपल्याकडची पद्धत आता सोडून द्यावी.

विकत घेताना

बाटलीवर झाडाचे शास्त्रीय नाव, तेल झाडाच्या कोणत्या भागातून आणि कोणत्या पद्धतीने काढले ती नोंद, आणि बॅच क्रमांक असावा. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ या शब्दांना लेबलावर फारसा अर्थ नसतो, आणि ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ असे लिहिलेले असेल तर तो बनवलेला सुवास आहे असे समजून खाली ठेवावे. अत्तर आणि सुगंधी तेल यांतही गल्लत होते. कनौजच्या परंपरेत देगेतून, म्हणजे फुले उकळण्याच्या मोठ्या भांड्यातून, निघालेली फुलांची वाफ भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यातील चंदनाच्या तेलात उतरवत असत. आता बहुतेक स्वस्त अत्तरांत चंदनाच्या जागी पॅराफिन किंवा तत्सम रासायनिक द्रव असतो. मीही एकदा ग्वाल्हेरच्या बाडा या चौकाजवळच्या एका दुकानातून ‘अस्सल चंदन तेल’ म्हणून दहा मिलिलिटरची बाटली अडीचशे रुपयांना आणली होती. अडीचशे रुपयांत दहा मिलिलिटर चंदन मिळत नाही, हे तेव्हाच समजायला हवे होते. कोऱ्या पांढऱ्या कागदावर थेंब टाकून दिवसभर ठेवणे ही एक ढोबळ परीक्षा आहे: संत्र्यासारखे हलके तेल उडून जाते आणि कागदावर तेलकट डाग जवळजवळ उरत नाही. डाग तसाच राहिला तर त्यात जड तेल मिसळलेले आहे. चंदनाला ही परीक्षा लागू पडत नाही, कारण ते मुळातच फार सावकाश उडते. तेथे विश्वासाचा विक्रेता आणि किंमत यांवरच भिस्त ठेवावी लागते.

तळपायाचे तेल

सगळ्या पद्धतींत मला ही सर्वांत खात्रीची वाटते, कारण तिच्यात तेल नुसते निमित्त होते आणि काम पुष्कळसे हात आणि ऊब करतात. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की झोपायच्या वेळी हातपाय उबदार असतील तर झोप लवकर लागते. हातापायांच्या त्वचेकडे रक्त वळले की शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि आतले तापमान उतरू लागते. झोपेची सुरुवात या उताराशी जोडलेली आहे. काशाच्या वाटीने तळपाय घासून घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे सांगावे लागले नव्हते.

सुगंधी तेल कधीही थेट त्वचेवर लावू नये; ते नेहमी साध्या तेलात विरळ करावे. एक टक्का हे प्रमाण पुरेसे आहे. एक मिलिलिटर म्हणजे सुमारे वीस थेंब धरले, तर तीस मिलिलिटर साध्या तेलात सहा थेंब पडतात. वृद्ध माणसे आणि नाजूक त्वचा असलेले यांच्यासाठी तीनच थेंब घ्यावेत. माझ्या बाटलीत चार थेंब देवदार आणि दोन थेंब सालई असते. साधे तेल कोणते, याचे उत्तर आमच्याकडे ऋतूवर ठरते. खोबरेल उन्हाळ्यात उत्तम, पण ते २४-२५ अंशांखाली गोठते, आणि ग्वाल्हेरच्या पौषात बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. मोहरीचे तेल येथे घरोघरी असते, भिंड-मुरैना तर त्याचे आगरच आहे, आणि पायांना तेच लावण्याची सवयही आहे. परंतु त्याच्या तिखट वासापुढे देवदारच काय, कोणतेच लाकूड टिकत नाही. म्हणून थंडीत घाण्याचे तिळाचे तेल घ्यावे. त्याला स्वतःचा वास असतो, पण तो लाकडाच्या वासाशी भांडत नाही.

पहिल्यांदा वापरण्यापूर्वी हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून चोवीस तास, जमल्यास अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी. खाज, लाली किंवा पुरळ आले तर ते तेल बाद.

झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास दिवे मंद करून पलंगावर बसावे. अर्धा चमचा तेल तळहातावर घेऊन आधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळावेत, म्हणजे तेल कोमट होते आणि पहिला वास हातातूनच येतो. मग एका पायाला टाचेपासून सुरुवात करून अंगठ्याने लहान वर्तुळे काढत बोटांकडे जावे, टाचेवर जोर द्यावा, तळव्याच्या खोलगट भागावर हलका हात ठेवावा, आणि शेवटी प्रत्येक बोट मुळापासून टोकाकडे ओढून सोडावे. काशाची वाटी असेल तर तिच्या पालथ्या बाजूने पाच मिनिटे घासावे. घासताना तेल काळपट होते आणि ‘अंगातली उष्णता उतरली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे; प्रत्यक्षात तो रंग काशातील तांब्याचा तेलाशी आणि घामाशी संयोग होऊन येतो. रंगाचे कारण काहीही असो, घासण्याचे सुख खरे आहे. एका पायाला सात-आठ मिनिटे पुरतात. त्यानंतर जुन्या सुती कापडाने पाय कोरडे पुसून मोजे घालावेत. ही पायरी गाळू नये, कारण तेलकट तळव्यांनी रात्री गुळगुळीत फरशीवर उतरणे हे म्हाताऱ्या माणसांसाठी झोप न येण्यापेक्षा कितीतरी मोठे संकट आहे.

डिसेंबर-जानेवारीत धुके पडू लागले की मालिशीआधी कोमट पाण्यात पाय बुडवून बसणे चांगले. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटे केलेले स्नान झोप लवकर आणते, असे २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसून आले आहे. पाय शेकण्यालाही तेच तत्त्व लागू पडते. पाण्यात मात्र सुगंधी तेलाचे थेंब सरळ टाकू नयेत. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते आणि आहे तसे त्वचेला चिकटून झोंबते. दोन थेंब आधी एक चमचा तिळाच्या तेलात मिसळून मग ते टबात सोडावे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी पाय शेकण्याच्या भानगडीत पडू नये आणि मालीशही हलक्या हातानेच करून घ्यावी.

हवेत वास सोडायचा असेल तर

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाकून तो वाटीत ठेवणे आणि ती वाटी उशीपासून हातभर लांब, उशीच्या उंचीच्या खाली ठेवणे. उशीवर किंवा अभ्र्यावर थेंब टाकू नयेत. रात्रभर गाल त्यावर राहतो आणि डाग तर कधीच जात नाहीत.

पाण्यासह तेलाचे बारीक तुषार हवेत सोडणारा, विजेवर चालणारा डिफ्यूझर असेल तर शंभर मिलिलिटर पाण्याला दोन-तीन थेंब घालून तो वीस ते तीस मिनिटे चालवावा, खोलीचे दार किंचित उघडे ठेवावे आणि अंथरुणावर पडण्याआधी तो बंद करावा. रात्रभर चालू ठेवण्यात काही लाभ नाही. नाक पाच-दहा मिनिटांत कोणत्याही वासाला सरावते आणि तो येईनासा होतो, मात्र हवेतील तेल तसेच असते. वास संपला असे समजून मी एकदा दहा थेंबांपर्यंत गेले होते. पहाटे चार वाजता डोके ठणकत उठले आणि बाहेरून पाणी पिऊन परत आल्यावर खोलीत पाऊल टाकताच वासाची भिंत लागली. डिफ्यूझरमध्ये बोअरिंगचे जड पाणी घातले तर चकतीवर पांढरे पापुद्रे धरतात. आरओचे पाणी वापरावे आणि आठवड्यातून एकदा व्हिनेगरच्या बोळ्याने चकती पुसावी.

कूलरच्या टाकीत थेंब टाकणे हा आमच्या शहरातला लाडका उद्योग आहे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून घर थंड करण्याची जुनी सवय, आणि आता बाजारात कूलरसाठी खास सुवासही मिळतो, त्यामुळे देवदारानेच काय बिघडेल असे वाटते. वाळा हे गवताचे मूळ आहे. त्याचा वास पाण्याबरोबर हळूहळू सुटतो. टाकीत टाकलेले तेल मात्र पाण्यावर तरंगत राहते, पंप कधी नुसते पाणी तर कधी तेल ओढतो, किती तेल हवेत गेले याचा हिशेब राहत नाही, आणि रात्रभर तो झोत थेट तोंडावर येतो. टाळावे हे उत्तम. कूलरला वाळ्याचेच पॅड बसवले तर काम होते, आणि झोपेसाठी वाळ्याचा वास काही वाईट नाही, जरी तो झाडाचा नसला तरी.

सालईचा डिंक निखाऱ्यावर टाकून धुरी देण्याची पद्धत संध्याकाळी, खिडक्या उघड्या असताना ठीक आहे. झोपायच्या खोलीत धूर करू नये, कारण धूर कितीही सुवासिक असला तरी फुप्फुसांच्या दृष्टीने तो धूरच असतो. आणि थंडीच्या दिवसांत पेटती सिगडी बंद खोलीत ठेवून त्यावर धूप टाकून झोपी जाणे प्राणघातक आहे. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने दर हिवाळ्यात उत्तर भारतात माणसे दगावतात. खाली मेणबत्ती असलेल्या मातीच्या बर्नरमधले पाणी आटले की तेल पेट घेऊ शकते, म्हणून झोपेच्या वेळी तोही नको.

कोणी जपून राहावे

ही तेले पोटात घेण्यासाठी नाहीत, एक थेंबही नाही, मधातून नाही आणि दुधातूनही नाही. दोन वर्षांखालील मुलांच्या खोलीत ती वापरू नयेत. गरोदर स्त्रियांनी, दमेकऱ्यांनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. दम्यात तर स्वतःला आवडणारा वाससुद्धा धाप आणू शकतो. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर लावूच नये. या तेलांतील अनेक घटक निकामी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि अंगावर पडलेले तेल ते चाटून पोटात घेते. एखाद्या मुलाने बाटली तोंडाला लावलीच तर ओकारी काढायच्या फंदात न पडता बाटलीसह तडक दवाखाना गाठावा.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नाही आणि असे तीन महिन्यांहून अधिक चालले आहे, जोराच्या घोरण्यात मध्येच श्वास अडकतो, किंवा झोपेबरोबर खाण्यापिण्यातले आणि जगण्यातलेही मन उडाले आहे, अशी स्थिती असेल तर तेलात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. जुनाट निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलण्याची समुपदेशनाची एक ठरावीक पद्धत आहे आणि तज्ज्ञ पहिला उपाय म्हणून तीच सुचवतात. तेलाची मालीश तिच्या जोडीला ठेवायला हरकत नाही.

दोन आठवड्यांची वही आणि बाटल्यांची निगा

तेल लागू पडते आहे की नाही हे आठवणीवर सोडू नये. पहिला आठवडा सुगंधी तेलाशिवाय, दिवे मंद करून नुसत्या साध्या तेलाने मालीश करावी आणि सकाळी उठल्यावर अंथरुणावर कधी पडलो, साधारण किती वेळाने झोप लागली आणि रात्री किती वेळा उठलो एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. दुसऱ्या आठवड्यात तेच सगळे सुगंधी तेलासह करावे. माझ्या वहीत पहिल्याच आठवड्यात बराच फरक दिसला आणि दुसऱ्यात थोडा आणखी. म्हणजे श्रेयाचा मोठा वाटा मालीश आणि मंद दिवे यांचा होता, हे मान्य केले पाहिजे. रात्री घड्याळ पाहून नोंद करू नये, त्यानेच जाग येते.

बाटल्या गडद रंगाच्या काचेच्या असाव्यात आणि उभ्या ठेवाव्यात. रबरी ड्रॉपर बाटलीवर कायम लावून ठेवला तर तेलाच्या वाफेने रबर गळून चिकट होते, म्हणून साधे झाकण बरे. मे-जूनमध्ये येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा गच्चीखालच्या खोलीतल्या कपाटात तेल ठेवणे योग्य नाही. संत्र्याच्या तेलाची वाफ ४८ अंशांच्या सुमारास ठिणगीने पेट घेऊ शकते. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवाव्यात, आणि घरात मुले असतील तर डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून तो सर्वांत वरच्या कप्प्यात मागे सरकवावा. चंदन आणि देवदार वर्षानुवर्षे टिकतात; चंदन तर मुरते. संत्रे आणि सालई मात्र हवा लागून बिघडतात, आणि बिघडलेले तेल ताज्या तेलापेक्षा त्वचेला अधिक ॲलर्जी करते. बाटली उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून ठेवावी आणि वर्षभरानंतर ही दोन तेले अंगाला लावणे बंद करावे. जुने संत्र्याचे तेल मोरीत ओतू नये. स्टीलच्या नव्या डब्यावरचे न निघणारे लेबल त्याच्या दोन थेंबांनी पुसले की डिंकासकट सुटून येते. फक्त हातात मोजे घालावेत आणि गॅस बंद असावा.